दयेच्या ढिगातला अर्ज

शालन अनंत गावडे या बाईवर अन्याय झाला तो मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९ या दिवशी, संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात, शारजामधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. अन्याय करणारे तिघं होते. एक माझे बाबा, तेव्हा आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दुसरे करीमभाई, बाबांच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस. तिसरी मी. पोलिसांचं नाव मी या यादीत घालत नाही आणि कोर्टाचंही नाही. कोर्टाने त्याच्यापुढे आलेला कागद वाचला. तो कागद आम्ही केला होता.

आधी बाई कोण होती ते सांगते. गेली तीन वर्षं मी पुण्यात व्यसनमुक्तीची पत्रकं लिहिते आणि वाटते, आणि मला माहीत आहे की पत्रकात माणूस दोन ओळींत संपतो. काकू दोन ओळींत संपणाऱ्या नव्हत्या.

त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या कल्याणच्या. बुटक्या, सावळ्या, चालणं इतकं भरभर की लिफ्ट यायच्या आधी जिन्याने खाली. नवरा अनंत गावडे दुबईतल्या अल क्वोजमधल्या ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. मुलगी केतकी, मी सांगते त्या वर्षी आठ वर्षांची. आणि काकू स्वतः टायपिंग सेंटरमध्ये.

तिकडे सरकारदरबारी काहीही करायचं म्हटलं की अर्ज अरबीत लागतो, आणि अर्ज करणाऱ्या आपल्या लोकांना अरबी येत नाही. म्हणून कचेऱ्यांच्या आसपास टायपिंग सेंटरं. व्हिसा असो, बाळाचा जन्म असो, मेलेल्या माणसाला विमानाने घरी पाठवायचं असो, आधी टायपिंग सेंटर. काकूंच्या सेंटरमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर उस्ताद बशीर, सुदानमधल्या खार्टूमचे निवृत्त शाळामास्तर, गिऱ्हाइकांकडून हिंदी शिकलेले. ते अवघड अर्ज हाताने लिहून द्यायचे. दुसरीवर काकू. त्या टाइप करायच्या.

काकूंना अरबी येत नव्हतं. हे कुणाला खरं वाटत नसे. त्यांनी अरबी कीबोर्डचा तक्ता फ्रिजवर चिकटवून, पोळ्या लाटता लाटता, सहा आठवड्यांत बोटांत बसवला होता. अक्षरं ओळखू यायची, नेहमीची वाक्यं चेहऱ्यांसारखी ओळखू यायची. एखाद्या ओळीत चूक असली तर म्हणायच्या, "ही ओळ आज जाड दिसतेय," आणि खरंच तिथे एक अक्षर जास्त निघायचं. कुणी तोंडाने बोललं तर मात्र यल्ला, म्हणजे चला, आणि खलासच्या पुढे काही नाही. मी एकदा विचारलं, "काकू, काय लिहिलंय ते न कळता कसं हो लिहिता?" तर म्हणाल्या, "बँडवाल्याला नवरीचं नाव माहीत असतं का गं? तो वाजवतो ना बरोबर?"

गिऱ्हाइकाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "नाम पासपोर्टवाला बोलना. माँ ने रखा वो नहीं." दुसरंही ठरलेलं, पण ते फक्त रडत आलेल्यांसाठी. "रोना घरपे. इधर ऊपर की लाइन बराबर मंगता." मला त्यांनी ते मराठीत समजावलं होतं. खिडकीतला माणूस दिवसाला ढीगभर कागद घेतो. तो वाचत नाही. वरची ओळ बघतो आणि कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवतो. एकदा चुकीच्या ढिगात गेलं की खाली तुम्ही रक्ताने लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही.

एकदा एक पंजाबी गवंडी रजेचा अर्ज करायला आला. बाप आजारी होता. बाप पुरेसा वाटेना म्हणून तो एकेक वाढवत गेला, आई, भाऊ, घराचं छप्पर. शेवटी म्हणाला, "मैडम, लिखो मेरी भैंस भी मर गयी."

"भैंस का पासपोर्ट है?"

"नहीं मैडम."

"तो रहने दो. बाप काफी है."

अर्ज झाल्यावर त्याने पैसे काढले. काकू म्हणाल्या, "पंचवीस दिरहॅम." मग स्वतःशीच मराठीत, "म्हणजे तीनशे रुपये. बापाला फळं येतील तेवढ्यात." आणि पंधराच घेतले. उस्ताद सगळं ऐकत होते, पण खिडकीबाहेर बघत बसले. काकूंनी कमी पैसे घेतले की ते नेहमी खिडकीबाहेर बघायचे.

गावडेकाका वाईट माणूस नव्हते. व्यसनी म्हटला की लोकांना एक ठरलेलं तोंड दिसायला लागतं, म्हणून मुद्दाम सांगते. मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी तेच करायचे, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, घडी घालून गाडीच्या टपावर जाईल असं. बाबांना म्हणायचे, "राणेसाहेब, पुढच्या वर्षी बाप्पाला स्लायडिंग डोअर करतो, विसर्जनाला सोपं." १९९५ साली ते वर्कशॉपमध्ये शिडीवरून पाठीवर पडले. दुखण्यासाठी गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. डॉक्टरने बंद केल्या तेव्हा दुसरीकडून मिळायला लागल्या. ९७ साली त्या गोळ्यांसकट सापडले. तीन महिने आत राहिले आणि कंपनीच्या मालकाने शब्द टाकला म्हणून देशाबाहेर न काढता सुटले. बाहेर आल्यावर गोळ्या महाग झाल्या होत्या. मग गर्द.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की बेल वाजवली की केतकी साखळी न काढता फटीतून सांगायची, "पापा इज स्लीपिंग." सकाळी गेलं तरी तेच आणि दुपारी गेलं तरी तेच. एकदा मी म्हटलं, "अगं, साखर परत द्यायची आहे मम्मीला." तर म्हणाली, "यू कॅन गिव्ह मी. बट ही इज स्लीपिंग." काकूंच्या स्वयंपाकघरात सगळं होतं, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळं. ॲल्युमिनियम फॉइल मात्र नव्हतं. केतकीच्या पोळ्या त्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून द्यायच्या, आणि वर्गातल्या पोरी तिला हसायच्या. मला ती काटकसर वाटायची. गर्द कशावर जाळतात ते माहीत असतं तर वाटली नसती.

१९९९ च्या जून महिन्यात सेंटरमध्ये एक तिथलीच बाई आली, काळ्या पायघोळ अबायातली, बरोबर ड्रायव्हर. उस्तादांशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. उस्तादांनी लिहिलं, काकूंनी टाइप केलं. वरची ओळ नवीन होती, काकूंनी याआधी कधी न टाइप केलेली. बाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "उस्ताद, ये कौनसा काग़ज़?"

उस्तादांनी सांगितलं. मुलगा नशा करतो. आई त्याला स्वतः घेऊन जाणार आहे. नव्या कायद्यात सोय आहे, पकडला जायच्या आधी माणूस आपण होऊन गेला किंवा घरच्यांनी नेला तर केस नाही, उपचार. आणि पकडला गेल्यावरसुद्धा कोर्टाला शिक्षेऐवजी उपचारांना पाठवता येतं. पण मागायला लागतं.

"बाहरवालों के लिए भी?"

"मैंने पढ़ा उसमें मरीज़ लिखा है, मुल्क नहीं लिखा. आगे अल्लाह जाने और जज जाने." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "क्यों पूछती?"

"ऐसेच. एक पड़ोसी है."

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. मी बारावी होऊन एक वर्ष घरी होते, दार मीच उघडलं. बाबांसमोर बसून त्यांनी पदर नीट केला आणि एका दमात सांगितलं. "भाऊ, हे गर्द घेतात. मी ह्यांना घेऊन जाते. आपण होऊन गेलं तर केस होत नाही. मी कागद स्वतः टाइप केलाय, मला वरची ओळ पाठ आहे. तुम्ही फक्त बरोबर या. पुरुष माणूस असला की आत सोडतात."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "वहिनी, ते लोकल लोकांचं असतं. त्यांच्या पोरांना उपचार, आपल्या लोकांना तुरुंग. तुम्ही पायाने चालत जाऊन सांगणार की माझा नवरा गर्द घेतो? ते म्हणतील, थँक यू, बसा इथेच."

"उस्ताद म्हणतात तसं लिहिलेलं नाहीये."

"उस्तादाला काय जातंय. त्याला गावी पाठवा दोन महिने. हवापालट. शेतावर राहू दे."

"कल्याणला शेत कुठून आणू, भाऊ?"

मी हसले. बाबाही हसले. काकू हसल्या नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तरी मी हसले होते. काकू "बघते" म्हणून गेल्या. कंपनीचा फ्लॅट, दोघांचे व्हिसे, केतकीची शाळा, मंडळातली माणसं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असणार. आणि बाबा शिकलेले होते, त्या मुलुखात त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. गावडेकाका ऑगस्टमध्ये कल्याणला गेले, सहा आठवडे राहिले, परत आले. तीन आठवडे बरे होते. या वर्षीच्या मखरात आपण नव्हतो म्हणून हळहळले. नऊ नोव्हेंबरला वर्कशॉपमधून उचलले गेले. लघवीच्या तपासणीत सगळं निघालं.

आणि सोळा तारखेला आमच्या हॉलमध्ये ती बैठक बसली. आईने चहा केला, चिवडा ठेवला. काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, केतकी आत माझ्या खोलीत टीव्ही बघत होती.

काकू म्हणाल्या, "मला उपचारांचा अर्ज टाकायचाय. अजून टाकता येतो. कोर्टात तारीख लागायच्या आधी गेला पाहिजे."

करीमभाई हैदराबादचे, मऊ बोलणारे. म्हणाले, "भाभी, बुरा नक्को मानो. इधर हक़ नईं माँगते. हाथ जोड़ते. हाकिम का दिल पिघलता. रहम की दरख़्वास्त डालो, बस."

"करीमभाई, ये दूसरी बार है. रहम पहले माँग चुके."

"तो औरबी जोर से माँगते."

बाबा म्हणाले, "वहिनी, उपचार मागितले म्हणजे तो व्यसनी आहे हे आपणच कबूल केलं."

"लघवीत निघालंय, भाऊ. आता लपवायचं काय राहिलं?"

"तुम्हाला कळत नाही. आपण या देशात पाहुणे आहोत. पाहुण्याने मागायचं नसतं, मिळेल ते घ्यायचं असतं. हक्काची भाषा केली की चिडतात."

"उस्तादांना विचारते एकदा."

"त्या सुदान्याला तर अजिबात नको. आज त्याला कळलं, उद्या मालकाला कळेल. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग केतकीला घेऊन कुठे जाणार?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. घरातली बारावी झालेली मुलगी म्हणून असेल. मी म्हटलं, "काकू, मी लिहिते छान इंग्लिशमध्ये." आणि लिहिलं. एक पान. त्यात आठ वर्षांची मुलगी होती, म्हातारी आई होती, पश्चात्ताप होता, महामहिमांच्या विशाल अंतःकरणाचा उल्लेख दोनदा होता. बाबांनी वाचून पाठ थोपटली. उपचार हा शब्द त्यात कुठेही नव्हता. करीमभाईंनी ओळखीच्या एकाकडून त्याचं अरबी करून आणलं, वर दयेच्या अर्जाचा ठरलेला मथळा घालून.

तो काकूंनी स्वतः टाइप केला. उस्ताद नमाजाला गेले तेवढ्या वीस मिनिटांत. शारजातल्या अर्ध्या माणसांचे कागद ज्या बाईच्या हाताखालून जात होते, तिने स्वतःचा कागद चोरून टाइप केला, आणि त्या विषयातला जाणकार माणूस जिथे बसतो ती खुर्ची हातभर अंतरावर रिकामी होती.

पुढे दोन वर्षांनी एकदा मला म्हणाल्या, "मुग्धा, वरची ओळ टाइप करताना हात थांबला होता. माझा हात कधी थांबत नाही."

"मग?"

"मग म्हटलं, राणेभाऊ शिकलेले आहेत."

दयेचा अर्ज खिडकीतून आत गेला आणि दयेच्या ढिगात जाऊन पडला. त्या ढिगातले कागद शिक्षा झाल्यावर उघडतात. अजून शिक्षाच झालेली नाही तर दया कशाची, म्हणून तो तसाच पडून राहिला. फेब्रुवारीत केस उभी राहिली. काकू मागच्या बाकावर होत्या, बाबा बरोबर होते. दुभाष्याने गावडेकाकांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का, काही अर्ज आहे का. काकांना करीमभाईंनी पढवलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "माफ़ कर दो साहब." दुभाष्याने पुन्हा विचारलं, आणखी काही? काकांनी मागे वळून काकूंकडे बघितलं. काकूंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, म्हणजे बस, पुरे.

चार वर्षं. शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर.

दुसऱ्या दिवशी काकू कामावर गेल्या आणि दुपारी पहिल्यांदाच त्यांच्या टायपिंगमध्ये चूक झाली. उस्तादांनी कागद परत दिला, आणि काकूंनी तो न घेता सगळं सांगितलं. माझ्या आईसाठी एक अर्ज घ्यायला मी तेव्हा तिथेच उभी होते. उस्तादांनी अर्जाची नक्कल मागितली. काकूंनी पर्समधून काढून दिली. त्यांनी वरची ओळ वाचली. खालचं वाचलंच नाही.

"शालन, ये तुमने बनाया?"

"जी."

"मैं इधर बैठा था." एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने परत, "मैं तो इधर ही बैठा था."

अपील त्यांनी लिहिलं, रात्र जागून, पैसे न घेता. उपचारांची मागणी पहिल्या ओळीत घातली. पण खालच्या कोर्टात आरोपीने गुन्हा कबूल करून दया मागितलेली, उपचारांचा शब्द कागदावर कुठेही नाही, आणि वर दुसरी खेप. शिक्षा कायम झाली.

आता मला कुणी विचारेल, आणि बाबा विचारतातच, की वेळेवर मागितलं असतं तर मिळालं असतं कशावरून? नसतंही मिळालं. मी पैजेवर सांगू शकत नाही. पण मागितलं गेलं नाही, हे मी पैजेवर सांगू शकते. आणि ज्या बाईला मागायचं होतं तिला आम्ही तिघांनी चिवडा देऊन गप्प बसवलं.

केतकीला कल्याणला मावशीकडे पाठवलं. काकू एकट्या राहिल्या, आधी आमच्या समोर आणि मग कंपनीने फ्लॅट काढून घेतल्यावर एका केरळी कुटुंबाच्या एका खोलीत. आठवड्याला एकदा तुरुंगात भेट, काचेपलीकडून, फोनवर. आमच्याकडे यायच्या. बाबांशी नीट बोलायच्या, पूर्वीइतकंच. मला वाटायचं एकदा तरी त्यांनी काही बोलावं. बोलल्या नाहीत. फक्त बाबा मंडळाच्या कुठल्याही बाबतीत सल्ला देऊ लागले की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, आणि आईला काही मदत न करता नळापाशी उभ्या राहायच्या.

काका आत जाड झाले. गालावर मांस आलं. बाबा एकदा भेटायला गेले होते, येऊन म्हणाले, "वहिनी, काही म्हणा, तब्येत सुधारली. चार वर्षांत सवय सुटलीच म्हणायची."

काकू म्हणाल्या, "सुटली नाही, भाऊ. कुलूप आहे बाहेरून. आत कुणी त्यांच्याशी एक शब्द बोललेलं नाही त्याबद्दल. बाहेर कसं राहायचं ते कुणी शिकवलेलं नाही. मला भीती ते आत आहेत त्याची नाही वाटत, सोडतील त्याची वाटते."

बाबांना ते वाक्य समजलं नाही. मलाही नाही.

२००३ च्या सप्टेंबरात थोडी सूट मिळून त्यांना सोडलं, म्हणजे तुरुंगातून थेट विमानात. तारीख घरच्यांना आधी कळत नाही. काकूंनी राजीनामा टाइप करून उस्तादांकडे देऊन ठेवला होता, बॅग भरली होती, मी तोवर पुण्याला आले होते, कल्याणमधल्या दोन डॉक्टरांचे पत्ते मला तिथून शोधायला लावले होते. त्यांना एकाच विमानाने जायचं होतं. त्यांचं म्हणणं होतं की पहिले पंधरा दिवस त्या ह्यांना एक मिनिट एकटं सोडणार नाहीत. एका सकाळी कल्याणहून बहिणीचा फोन आला. "अगं, भावजी आलेत दारात. एकटेच. तू कुठेयस?"

तिकीट मिळायला, मालकाकडून पासपोर्ट सुटायला, दहा दिवस लागणार होते. काकू रोज दोनदा फोन करायच्या. काका म्हणायचे, मी बरा आहे, केतकी उंच झालीय, माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते. नवव्या दिवशी दुपारी ते बहिणीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सापडले. डॉक्टरने सांगितलं की चार वर्षांपूर्वी जेवढं घ्यायचे तेवढं घेतलं. शरीर ते विसरलं होतं.

मी पुण्याहून गेले. काकू विमानतळावरून थेट आल्या. रडल्या नाहीत. मृत्यूच्या दाखल्याच्या फॉर्मवर कुणीतरी काकांचं घरातलं नाव लिहिलं होतं, अण्णा. काकूंनी ते खोडून पासपोर्टवरचं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आधी डॉक्टरकडे कुणी नेलं नाही ना?" मावशी म्हणाली, "तब्येत इतकी छान दिसत होती गं."

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "आम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." हे खरं आहे. मी बाबांची मुलगी आहे, मला माहीत आहे की ते खरं आहे. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. वाईट हेतूने सांगणाऱ्याचं काकूंनी ऐकलं नसतं.

काकू परत शारजाला गेल्या. उस्तादांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता, ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. केतकीच्या शिक्षणासाठी पैसे लागणार होते, आणि कल्याणच्या त्या घरात त्यांना राहवेना. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला त्या घरातलं कुणीच एकटं जात नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या जानेवारीत. आई-बाबांकडे गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास सेंटरवर गेले. काकूंच्या समोर एक तेलुगू बाई बसली होती, तिशीची, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तिच्यामागे तिच्या असोसिएशनचा कुणी माणूस उभा, पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. बोलत तोच होता.

"मैडम, रहम का अर्ज़ी चाहिए. इनका हस्बंड को थोड़ा दवाई का आदत है. अभी कुछ हुआ नहीं, लेकिन पहले से बनाके रखेगा तो अच्छा."

काकूंनी मशीनवरचे हात उचलले. त्या माणसाकडे बघितलंच नाही. बाईला विचारलं, "पकड़ा?"

"नहीं."

"घर पे है?"

"सो रहा है," बाई म्हणाली.

काकू उठल्या. उस्तादांकडे बघितलं, त्यांनी आधीच कोरा कागद ओढून लिहायला घेतलं होतं. काकूंनी त्या बाईला दंडाला धरून उभं केलं. "चल. पहले उसको उठाना है. काग़ज़ पीछे से आयेगा."

तो माणूस म्हणाला, "अरे मैडम, ऐसे कैसे, पहले कमिटी में बात करना पड़ेगा." काकू त्याच्या अंगावरून गेल्या, माझ्याही. मला ओळखलं की नाही सांगता येणार नाही. रस्ता ओलांडताना त्यांनी गाड्यांकडे पाहिलं नाही, एक हात आडवा धरला आणि चालत राहिल्या, त्या बाईला ओढत, भरभर. टॅक्सीचं दार लागलं. त्या माणसाचं काय झालं, त्या नवऱ्याचं काय झालं, मला माहीत नाही. काकू त्यानंतर मला भेटलेल्या नाहीत.

हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. कुठल्या तरी बाईने कधीतरी तुमच्यासमोर बसून असंच काही सांगितलं आहे, नवऱ्याचं, नाहीतर मुलाचं. आणि तुम्ही तिला थांबायला सांगितलं आहे. तुमचा हेतू चांगला होता. तिचं नाव तुम्हाला आत्ता, हे वाक्य वाचताना, आठवलं आहे. हा कागद खाली ठेवा आणि तिला फोन करा. तिला सांगा की मी चुकीचं सांगितलं होतं, माझं ऐकू नकोस. आणि तो माणूस अजून कुणाच्या हाती लागलेला नसेल, तर उद्या सकाळी पहिल्या वेळेला तिच्याबरोबर डॉक्टरकडे स्वतः जा.